दमा ज्याचा, कारभार त्याचा



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. आज दम्यावर बोलायला चालकांनी डॉक्टर न बोलावता कामगार-चळवळीतला माणूस उभा केला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर जो प्रश्न उमटला आहे तो आम्हांला वाचता येतो. त्याचे उत्तर आधी देऊन टाकू. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे सारे वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार-न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि आम्ही ते सांगणारही नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेले औषध घरी गेल्यावर माणूस घेतो की नाही, घेतो तर कसे घेतो, आणि घेत नसेल तर का, हा प्रश्न दवाखान्याच्या दाराबाहेरचा आहे. दाराबाहेर मात्र आमचे सगळे आयुष्य गेले.

१९८० नंतरच्या दशकात वाळूजच्या माळावर कारखाने उभे राहिले. गंगापूर, वैजापूर, पैठण, कन्नडकडची विशीतली पोरे सायकलवर डबा अडकवून त्या गेटांवर उभी राहिली. चिकलठाण्याची वसाहत त्याच्याही आधीची. ती पोरे आता साठीला आली किंवा साठी ओलांडून गेली. पूर्वी आमच्याकडे ती पगारवाढीसाठी येत. आता पेन्शनचे कागद घेऊन येतात. कचेरी पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढून आलेला गडी खुर्चीत बसतो आणि तोंड उघडण्यापूर्वी दोन मिनिटे नुसता श्वास जमवीत राहतो. आम्ही विचारतो, "काय भाऊ, दम लागतो?" तो म्हणतो, "वय झालं आता. लागायचाच." असे एक-दोघांच्या बाबतीत घडले असते तर आम्ही ते सोडून दिले असते. पण ज्यांनी तीस वर्षे कोणतीही गोष्ट मुकाट्याने कबूल केली नाही, व्यवस्थापनाशी एकेका पैशासाठी वाद घातला, तेच लोक आपल्या छातीच्या बाबतीत पहिल्याच बैठकीत पडते घेतात, हे पाहून आम्हांला या विषयाचा शोध घ्यावासा वाटला.

आपल्या शहरात दखनीत एक म्हण ऐकू येते: दमा दम के साथ जाता. म्हणजे प्राण जाईल तेव्हाच दमा जाईल. म्हण अर्धी खरी आहे. दमा बहुधा मुळासकट जात नाही, हे खरे. पण तो असतानाही माणूस जिना चढू शकतो, रात्रभर झोपू शकतो, नातवाला खांद्यावर घेऊ शकतो, ही बाकीची अर्धी गोष्ट त्या म्हणीत नाही, आणि लोक म्हणीवर जगतात.

दमा म्हणजे नेमके काय होते ते थोडक्यात सांगतो. फुप्फुसात जाणाऱ्या हवेच्या नळ्या आतून सुजतात. ही सूज दमा नसल्यासारखा वाटतो त्या दिवशीही थोडीफार असते. अशा सुजलेल्या नळीला धूळ, धूर, थंड हवा, सर्दी असे काही लागले की तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, वर चिकट कफ साचतो, आणि छातीतून शिट्टी वाजू लागते. म्हणजे दुखणी दोन: एक रोजची सूज आणि दुसरे अधूनमधून होणारे आवळणे. म्हणून औषधेही दोन जातींची. आवळलेले स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करणारे एक, आणि सूज हळूहळू उतरवून ती वर येऊ न देणारे दुसरे. पहिल्याचा गुण लगेच कळतो. दुसऱ्याचा कळायला दिवस, कधी आठवडे लागतात. माणसाचा स्वभाव असा की जे लगेच कळते त्यावर तो विश्वास ठेवतो. त्यामुळे आमच्या पाहण्यातल्या बहुतेक वडीलधाऱ्यांच्या खिशात आराम देणारा निळा पंप असतो, आणि सूज उतरवणारा पंप घरी कपाटात, 'बरं वाटलं म्हणून बंद केला' अशा स्थितीत असतो.

कारखान्यातल्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. मशीन बंद पडल्यावर धावाधाव करणारा फिटर वेगळा आणि मशीन बंद पडूच नये म्हणून दर पाळीला तेल घालणारा वेगळा. दुसऱ्याचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो रजेवर गेला म्हणजे भरते.

या बाबतीतला इतिहासही ऐकण्यासारखा आहे. दाबून फवारा घेण्याचा पंप १९५६ साली अमेरिकेत रायकर कंपनीने बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांच्या फवाऱ्याच्या डब्यासारखे माझे औषध का नाही, असे तिने विचारले आणि त्यातून कल्पना निघाली, असे सांगतात. त्यापूर्वी काचेच्या, रबरी फुग्याच्या नाजूक उपकरणांतून औषध ओढावे लागे. आपल्याकडे तर धोत्र्याच्या पानांची धुरी घेणारेही होते. पंप आला आणि दमेकऱ्याला खिशात ठेवण्याजोगा आधार मिळाला. पण १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याने मरणाऱ्यांची, विशेषतः कोवळ्या वयाच्या रोग्यांची, संख्या एकाएकी वाढली. त्या काळच्या तीव्र मात्रेच्या, केवळ आवळ सैल करणाऱ्या पंपांवर लोक विसंबून राहिले आणि वेळेत दवाखान्यात पोहोचले नाहीत, याकडे तेव्हा बोट दाखवले गेले. सूज उतरवणारे स्टेरॉइड श्वासावाटे घेण्याची सोय १९७२ सालच्या सुमारास झाली. आणि एवढ्या अनुभवानंतर, २०१९ साली, जगभरच्या तज्ज्ञांच्या 'जिना' या मंडळाने स्पष्ट सांगितले की नुसता आराम देणारा पंप हा कोणाही प्रौढ दमेकऱ्याचा एकमेव उपचार असू नये. सूज उतरवणारे औषध सोबत हवेच. आता काही पंपांत दोन्ही औषधे एकत्र असतात. आपला कोणता आहे हे रंगावरून ठरवू नका. कंपनीगणिक रंग बदलतात. डॉक्टरांना विचारा आणि पंपावर चिकटपट्टी लावून मराठीत लिहून ठेवा: 'रोजचा' आणि 'अडचणीचा'.

हे आपल्या देशात किती निकडीचे आहे ते एका आकड्यात दिसते. जागतिक रोगभाराच्या २०१९ सालच्या अभ्यासाप्रमाणे भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख दमेकरी आहेत, म्हणजे जगातल्या दर आठांत सुमारे एक. पण जगात दम्याने होणाऱ्या दर दहा मृत्यूंपैकी चाराहून अधिक भारतात होतात. आपल्याकडचा दमा काही वेगळ्या जातीचा नाही. आपल्याकडे तो ओळखला जात नाही, आणि ओळखला तरी त्याचे रोजचे औषध चालू राहत नाही.

आता उतारवयाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा दमा दम्यासारखा दिसत नाही. तरुणाची छाती शिट्टी वाजवते. म्हाताऱ्याला कधी नुसता रात्रीचा खोकला येतो, आणि घरचे म्हणतात, बिडीचा खोकला आहे. बिडी ओढणाऱ्याला आणि वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला फुप्फुसाचा दुसरा एक जुनाट रोग होतो. त्यात नळ्या कायमच्या अरुंद होतात. कधी दोन्ही रोग एकत्र नांदतात. हृदय थकल्यामुळेही रात्री धाप लागते. हे तिन्ही बाहेरून सारखे दिसतात आणि तिघांचे उपचार मात्र वेगळे. म्हणून फुंकून तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, एकदा तरी करून घ्यावी. घाटी रुग्णालयात छातीच्या रोगांचा विभाग आहे. तिथे रांग असते, हे आम्ही लपवणार नाही. पण रांगेत उभे राहण्याची आपल्याला सवय आहे.

दुसरी गोष्ट आम्हांला कळली तेव्हा आम्ही चकित झालो. वय वाढते तशी श्वासनळी आवळल्याची जाणीवच मंद होते. छाती निम्मी बंद झाली तरी म्हातारा माणूस सांगतो, 'ठीक आहे.' तो खोटे बोलत नसतो. त्याला खरेच तेवढे कळत नाही. शिवाय तो आपली चाल बदलतो: जिना टाळतो, बाजाराला जाणे सोडतो, देवळात खालच्या पायरीवरून नमस्कार करतो, आणि मग त्याला दम लागत नाही म्हणून सगळे समाधानी असतात. तेव्हा 'दम लागतो का?' असे विचारू नये. 'गेल्या दिवाळीला काय काय करत होता जे आता करत नाही?' असे विचारावे.

तिसरी गोष्ट औषधांच्या पिशवीची. आम्ही कधीमधी निवृत्त मंडळींना कचेरीत बोलावतो आणि सांगतो की घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणा. टेबलावर ती पिशवी रिकामी केली की संसार बाहेर पडतो. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, गुडघ्याच्या गोळ्या, डोळ्याचे थेंब, जावयाने दिलेले चूर्ण. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी बीटा-ब्लॉकर जातीच्या काही गोळ्या दमा वाढवतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही वाढवतात, कारण डोळ्यातला थेंब रक्तात उतरतो. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांना छाती ठाऊक नसते आणि छातीच्या डॉक्टरांना डोळा. दोघांना ठाऊक असलेला एकच माणूस म्हणजे खुद्द रोगी. म्हणून पिशवी त्यानेच प्रत्येक डॉक्टरापुढे रिकामी करायची. आपल्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करायची नाही. हृदयाची गोळी एकाएकी तोडणे हे त्याहून घातक.

आणि मग पंप. पंपाबद्दल आपल्या समाजात जेवढे गैरसमज आहेत तेवढे भुताखेतांबद्दलही नसतील. पंपाची सवय लागते. पंप म्हणजे शेवटचा उपाय. पंप लागला म्हणजे संपले. एका मावशींनी आम्हांला सांगितले की मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांसमोर त्यांनी दोन तास पंप काढला नाही, आणि पाहुणे गेल्यावर त्यांना रिक्षात घालून न्यावे लागले. सवयीचेच बोलायचे तर पायताणाची सवय लागते म्हणून आपण उन्हात अनवाणी चालत नाही. पंपातून जाणारे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ते थेट नळीत जाते. गोळीवाटे तेच काम करायला कितीतरी पट औषध सगळ्या अंगात फिरवावे लागते. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. डॉक्टरांनी झटक्यापुरत्या चार-सात दिवस दिलेल्या गोळ्यांची गोष्ट निराळी. पण कोणाच्या तरी सांगण्यावरून मागवलेल्या बिननावाच्या पुड्या 'एकदम गुणकारी' निघतात तेव्हा आमच्या मनात शंका येते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत.

मृग लागला की हैदराबादला बत्तिनी घराण्याकडून जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळायला देतात. आपल्या मराठवाड्यातूनही लोक रेल्वेने जातात. निजामाच्या काळापासूनचा तो रस्ता आपल्या पायांखालचा आहे. पूर्वी त्याला औषध म्हणत, विज्ञानवाद्यांनी हरकत घेतल्यावर प्रसाद म्हणू लागले. फुकट देतात, हे त्या घराण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जाणाऱ्याची आम्ही थट्टाही करणार नाही. श्वास कोंडलेला माणूस कुठेही जाईल. आमचे म्हणणे एवढेच की त्या गर्दीत, त्या पावसाळी हवेत जाताना रोजचा पंप बरोबर न्या आणि परत आल्यावरही तो चालू ठेवा.

पंप घेण्याची रीत आम्ही इथे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण आमच्या टेबलावर प्रत्येकाला 'घेऊन दाखवा' म्हटल्यावर जे दिसले त्यावरून हे सांगणे भाग आहे. कोणी टोपण न काढता दाबतो. कोणी अत्तराच्या फायासारखा उघड्या तोंडापुढे उडवतो. कोणी आधी दाबतो आणि मग श्वास घेतो, तोवर औषध जिभेवर बसलेले असते. रीत अशी: बसा किंवा उभे राहा, टोपण काढून पंप हलवा, छातीतली हवा सावकाश बाहेर सोडा, तोंडात धरून ओठ घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला लागताच एकदा दाबा आणि सावकाश, खोल ओढत राहा, मग दहा आकडे मोजेपर्यंत दम धरा. दुसरा फवारा घ्यायचा असेल तर अर्धे-एक मिनिट थांबून पुन्हा पहिल्यापासून. सूज उतरवणाऱ्या पंपानंतर चूळ भरून थुंका. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो, आणि दोष पंपाला येतो.

सत्तरीतल्या माणसाला दाबणे आणि ओढणे यांचा मेळ जमत नाही. संधिवाताने बोटे वाकलेली असतील तर दाबणेच जमत नाही. त्यासाठी स्पेसर नावाचे प्लॅस्टिकचे नळकांडे मिळते. पंप त्याच्या एका टोकाला लावून दाबायचा आणि दुसऱ्या टोकाने संथपणे चार-पाच श्वास घ्यायचे. औषध नळकांड्यात थांबते, घाई नाही. कॅप्सूल घालून ओढायचे जे यंत्र असते त्याला जोराचा श्वास लागतो. अशक्त म्हाताऱ्याचा तेवढा जोर आहे की नाही, हे डॉक्टरांसमोर ओढून दाखवल्याशिवाय ते घेऊ नये. स्पेसर महाग वाटतो त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला हेदर झार या डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून स्पेसर केला, आणि मुलांच्या झटक्यात तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' पत्रात प्रसिद्ध झाले. आमच्यातल्या एका निवृत्त टूलरूमवाल्याने बाटलीचे भोक इतके नेमके पाडून दाखवले की जणू तपासनीस मागे उभा होता. तरी जमेल त्याने विकतचाच घ्यावा.

याच गृहस्थांच्या शेजारचा एक जुना पेंटशॉपवाला महिनाभर तक्रार करीत होता की पंपाचा गुण गेला. पिशवीतून पंप निघाला तेव्हा कळले की तो चार महिन्यांपूर्वी घेतलेला आहे. पंप संपला तरी त्यातला वायू शिल्लक असतो. दाबले की फुस्स आवाज येतो, गार लागते, औषध मात्र नसते. म्हातारा रोज सकाळ-संध्याकाळ नुसता वारा पीत होता. काही पंपांवर आकडा असतो, पुष्कळांवर नसतो. असलेला दिसायला डोळे हवेत. मग आम्ही हिशेब मांडला. पंपात २०० फवारे. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे पन्नास दिवस. सुरू केल्याची आणि संपण्याची अशा दोन तारखा डब्यावर लिहिल्या. आयुष्यभर ओव्हरटाइमचे तास बोटांवर ठेवणाऱ्या माणसाला हा हिशेब कोणी दाखवला नव्हता, एवढेच.

इथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. म्हाताऱ्या दमेकऱ्याला मदत करणारी दोन प्रकारची माणसे आम्ही पाहिली. एक, जी सगळे आपल्या हातात घेतात. मुलगा प्रेमळ असतो. पंप कपाटात ठेवतो, वेळ झाली की देतो, डॉक्टरांपुढे तोच बोलतो. बाबा खुर्चीत बसून भिंतीवरचे चित्र बघतात. मुलगा दुसऱ्या पाळीला गेला आणि रात्री नऊ वाजता छाती भरली की बाबांना कपाटाची किल्ली सापडत नाही. दुसऱ्या प्रकारची माणसे शेजारी बसून विचारतात की बाबा, तुम्हांला नेमके कुठे अडते, आणि तेवढेच दूर करतात. न्यूयॉर्क शहरात साठीच्या पुढच्या ३९१ दमेकऱ्यांवर असा प्रयोग झाला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. शिकवणारे डॉक्टर नव्हते, वस्तीत काम करणारे साधे प्रशिक्षक होते. सगळ्यांना सारखे व्याख्यान न देता (आम्ही आज देतो आहोत तसे) प्रत्येकाची अडचण आधी शोधायची: कोणाला पंप धरता येत नाही, कोणाला औषधाची भीती, कोणाला पैसे पुरत नाहीत, कोण एकटा राहून खचला आहे. वर्षभरात एकंदरीने या लोकांचा दमा अधिक ताब्यात राहिला, आणि तातडीच्या विभागात जावे लागलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारवाल्यांच्या मानाने जवळजवळ निम्मे होते. युनियनमध्ये हीच गोष्ट आम्ही कितीदा पाहिली! सभासदाचा अर्ज पुढाऱ्याने लिहिला की तो पुढच्या वेळी पुन्हा पुढाऱ्याकडे येतो.

कारभार हातात घ्यायचा म्हणजे एक कागद लागतो. डॉक्टरांकडून तो लिहून घ्यावा आणि घड्याळाखाली भिंतीवर चिकटवावा. त्यावर तीन परिस्थिती असतात. बरे असताना काय घ्यायचे. बिघडू लागले, म्हणजे रात्री जाग येऊ लागली, अडचणीचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, तर काय वाढवायचे आणि किती दिवसांत दवाखान्यात जायचे. आणि तिसरी, जीवावरची: एक वाक्य एका दमात पुरे करता येत नाही, ओठ-नखे निळसर, पंपाने उतार पडत नाही. तेव्हा आडवे पडायचे नाही, बसून राहायचे, कागदावर लिहिल्याप्रमाणे अडचणीचा पंप स्पेसरमधून घेत राहायचा आणि १०८ क्रमांकाला फोन लावायचा. मुलगा कामावरून येईपर्यंत थांबायचे नाही. 'लोकांना कशाला त्रास' हे वाक्य आमच्या पिढीने फार उदात्त मानले आहे. या एका प्रसंगी ते विसरावे.

ज्याला दम्याची जाणीव मंद झाली आहे त्याने फुंकण्याचे छोटे मापयंत्र, पीक फ्लो मीटर, जवळ ठेवावे. औषधाच्या दुकानात ते मिळते. बरे असतानाचा आपला सर्वांत चांगला आकडा लिहून ठेवायचा. रोजचा आकडा त्याच्या शंभरात ऐंशीच्या खाली आला तर दुसरी परिस्थिती, पन्नासच्या खाली आला तर तिसरी. हे यंत्र शोधणारे मार्टिन राइट हे ब्रिटनमध्ये कोळसा-खाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करणाऱ्या संशोधन केंद्रात काम केलेले गृहस्थ. म्हणजे यंत्रसुद्धा आपल्याच जातभाईंच्या छातीतून निघाले.

आपल्या गावच्या हवेबद्दल बोलायचे तर रात्र पुरणार नाही. २०१८ साली कचऱ्याचा प्रश्न चिघळला तेव्हा रस्त्यारस्त्यांवर ढीग पेटत होते, ते आपण सर्वांनी श्वासात घेतले आहे. घरात आपल्या हातात आहे ते पाहा. उन्हाळ्यात जो कुलर लावतो त्याच्या ताट्यांत गेल्या वर्षीची बुरशी असते. ताट्या बदला, पाणी शिळे ठेवू नका. डासांची कॉइल आणि उदबत्ती दमेकऱ्याच्या खोलीत नको. मिरच्या भाजणे, मसाला कुटणे, धान्य पाखडणे ही कामे आजीने सोडून द्यावीत. सुना रागावल्या तर रागावू देत. पावसानंतर मोकळ्या प्लॉटवर माजणारे गाजरगवत पुण्याला १९५५ च्या सुमारास प्रथम दिसले आणि आता आपल्या कंपाउंडपर्यंत आले आहे. ते फुलण्याआधी उपटा, आणि उपटणारा दमेकरी नसावा.

शेवटी पैसा, कारण त्याशिवाय आमचे भाषण पुरे होत नाही. भविष्यनिधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली महिना १००० रुपये ठरली. त्यात महिन्याची औषधे आणि जेवण दोन्ही बसवायचे असते. पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि जनऔषधी केंद्रात ते स्वस्त मिळतात. आपला पंप तिथे आहे का, हे डॉक्टरांनी लिहितानाच विचारा. दुसरे, पाच वर्षे विमा भरून वयोमानाप्रमाणे निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या पत्नीला राज्य विमा योजनेचा वैद्यकीय लाभ पुढेही घेता येतो. त्यासाठीची रक्कम वर्षानुवर्षे वर्षाला अवघी १२० रुपये राहिली. आमच्या जिन्यावर धापा टाकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना हे माहीतच नव्हते, आणि निवृत्तीच्या दिवशी हार घालणाऱ्यांपैकी कोणी त्यांना सांगितलेही नव्हते. तिसरे, दोन डब्यांचा रंग, फोम आणि अशा काही कामांतल्या आयसोसायनेट रसायनांमुळे होणारा दमा विम्याच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत बसतो. जो अजून कामावर आहे आणि ज्याला सुट्टीच्या दिवशी बरे वाटते नि कामावर गेले की छाती भरते, त्याने ही गोष्ट निवृत्त होईपर्यंत मनात ठेवू नये. डॉक्टरांना सांगावी आणि केसपेपरवर लिहून घ्यावी. तोंडी सांगितलेले न्यायालयात टिकत नाही.

चालकांनी मागे दोन टेबले मांडली आहेत. जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे ज्यांनी आपापले पंप आणि औषधांच्या पिशव्या आणल्या आहेत त्यांनी तिकडे यावे. घाटीतून निवृत्त झालेल्या एक परिचारिका बसल्या आहेत. त्या घेऊन दाखवतील आणि तुमच्याकडून घेऊन घेतील. मुलांनी, सुनांनी सोबत जरूर यावे, पण पिशवी बाबांच्या हातात द्यावी. विम्याचे अर्ज आमच्याकडे आहेत. पेन मात्र ज्याचे त्याने आणावे.